कुत्री गप्प झाली तेव्हा

आमच्या गावच्या मालगुजारावर, गावाच्या जमिनीच्या नि तलावाच्या मालकावर, कुत्री भुंकत नसत. तो गल्लीतून निघाला की शेपट्या पोटात घालून भिंतीला लागत. बाकी कोणाला सोडत नसत. मी विहिरीवर जाताना रोज हातात खडा ठेवायची.

स्वातंत्र्य आलं होतं, पण तलाव अजून त्याचाच होता. तलावाचं पाणी सोडायचं दार, म्हणजे तुडूम, उघडायची-बुजवायची नोकरी बाबांनी धरली. त्या साली पाऊस मधेच गेला. मालकाने सांगितलं आणि बाबांनी ऐन लोंबी निसवायला आलेल्या धानाचं, आमच्याच शेजाऱ्यांच्या धानाचं, पाणी तोडलं.

आई कडाडली, "कायले धरली त्याची नोकरी?"

"पाणी मालक तोडून राहिला. मी फक्त तुडूम बुजवतो."

असं बोलणारे मी पुढे पुष्कळ पाहिले. सगळे आपापल्या घरी भले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी बाबा तलावावरून आले आणि गल्ली गप्प राहिली. बाबांनी मालकाकडून मजुरीत मिळालेल्या तांदळाचा भात कुत्र्यांपुढे टाकला. एकही जवळ आलं नाही.

सकाळी त्याच तांदळाचा घरात उरलेला भात खाऊन मी घागर घेऊन निघाले. कुत्री भिंतीला लागली. मी मुद्दाम खडा मारला. तरी एकही भुंकलं नाही.