कोर्टाच्या दारातली चप्पल

आमच्या घरात नवरा-बायकोचं भांडणसुद्धा खिडक्या उघड्या ठेवून होतं. समोरच्या काकू गॅलरीतून ऐकतात, आणि मी बहुतेक वेळा हरतो. पण त्या ऐकताहेत म्हणून बायको उगाच जास्तीचं बोलत नाही, आणि मीही थापा मारायला कचरतो.

परवा भाच्याला, मन्याला, कोर्टात उभं करणार होते, म्हणून बहिणीबरोबर गेलो, तर दार बंद. मोर्चातून उचललेल्या मन्याला पोलिसांनी कोठडीत मारलं होतं, आणि ते तो न्यायाधीशांना सांगणार होता.

"आत नवा एसी बसवलाय, ताई. दार उघडलं की गारवा जातो," शिपाई म्हणाला. "फक्त वकील आत."

"अहो, मी आई आहे त्याची!"

"इथे सगळ्यांच्याच आया येतात."

माझं डोकं फिरलं. न्याय म्हणजे काय आइस्क्रीम आहे, दार उघडलं की वितळायला? चार माणसं बघताहेत म्हणून तर मारणाऱ्याचा हात आखडतो आणि खुर्चीवरच्यालाही नीट ऐकावं लागतं. तो बघण्याचा हक्क गारव्यापायी काढून घ्यायचा?

तेवढ्यात एक वकील आत शिरले. मी दारात पाय घातला.

"पाय काढा, काका!"

मी काही शूर माणूस नाही. पाय लगेच काढला. चप्पल मात्र तिथेच राहू दिली.

तेवढ्या फटीतून मन्याचा दबका आवाज आला, "साहेब, मला..."

"मोठ्यानं सांग रे!" बहीण बाहेरून ओरडली. "आम्ही ऐकतोय!"

शिपाई चपलेकडे बघत राहिला, पण उचलायला वाकला नाही.