आज आई परातीशी बसली

मंडळी, आधी एक दुरुस्ती. मागच्या रविवारी इथे लिहिलं होतं की जपानी जेवण आम्ही चौघं एकत्र जेवलो. ते चूक होतं. आई स्वयंपाकघरातच होती. नेहमीप्रमाणे सगळ्यांचं झाल्यावर ती एकटी जेवली.

आम्ही दर रविवारी घरात एक देश करतो. आज इथिओपिया होता. तिथे आंबवलेल्या पिठाची मोठी आंबोळी परातीत पसरतात, तिच्यावर आमट्या-भाज्या वाढतात आणि सगळं घर त्याच परातीत जेवतं. (तिथलं धान्य नाशकात मिळालं नाही, म्हणून मी नाचणी वापरली.)

"तुम्ही बसा, मी वाढते," आई म्हणाली.

"काय वाढणार? सगळं परातीतच आहे," धाकटा भाऊ म्हणाला.

ती दारात घुटमळली. मग बसली! इथिओपियात प्रेमाने एकमेकांना घास भरवतात, हेही मी भीतभीतच सांगून टाकलं. सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेले बाबा लाजले, पण त्यांनी पहिला घास आईपुढेच धरला.

"लग्नानंतर आजच भरवताय," आई म्हणाली. "तेव्हाही फोटोवाला ओरडला म्हणून."

बाबा सगळ्यात जास्त हसले. आणि आई आमच्याबरोबर, गरम गरम, पोटभर जेवली.

पण रविवारी कौतुक असतं. रोजच्या पोळीभाजीला हे जमेल का, याची मला धास्ती आहे. तुमच्याकडे आई कधी जेवते? आमच्याकडे सगळ्या पोळ्या मी आधीच करून ठेवणार आणि चारही ताटं एकदम वाढणार, परवा, मंगळवारी.