काट्या-चमच्याची फुली

त्यांना घरातसुद्धा सगळे कॅप्टनच म्हणत. बोटीवरचे नव्हे, हॉटेलातले. पांढरा कोट घालून, हात पाठीमागे बांधून, दुसऱ्यांच्या जेवणाशेजारी उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला. उभ्या माणसाला एकच स्वप्न पडतं, बसण्याचं. म्हणून घर बांधताना त्यांनी सगळ्यात मोठी खोली जेवणासाठी ठेवली. आठ खुर्च्यांचं टेबल केलं, आणि पदार्थ गरम यावेत म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीत सरकत्या झडपेची खिडकी पाडली.

खिडकीपलीकडे बायको उभी असे.

नियम हॉटेलचेच होते. वाढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, ताट वाचायचं. काट्या-चमच्याची फुली केली असेल तर जेवण चालू आहे, थांबा. सरळ ठेवला असेल तर संपलं, उचला. सूप कोमट लागलं की कॅप्टन वाडगा खिडकीतून परत ढकलत. "हे गिऱ्हाइकापुढे ठेवलं असतंस?" बायको ते पुन्हा गरम करी. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्याउभ्या चार घास पोटात ढकली. एकदा वाढताना तिच्या हातून काटा खाली पडला, तर पाहुण्यांसमोर कॅप्टन म्हणाले, "हिला आमच्या हॉटेलात भांडी घासायलाही ठेवली नसती." पाहुणे हसले. तीही हसली.

पुढे सून आली, नातवंडं झाली. एका संध्याकाळी तिने आपलं ताट उचललं आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. मुलगा तिच्यामागे गेला, नातवंडं बापामागे. कॅप्टन रोज आठही जागा मांडत आणि टोकाच्या खुर्चीत एकटे जेवत. हाक मारायची त्यांना लाज वाटे. कॅप्टन गिऱ्हाइकाला हाका मारत नाही.

मग झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. झोपायची खोली वरच्या मजल्यावर. ते हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत बसलेले असताना त्यांच्यासमोरच बोलणं झालं.

"बाबांना जिना काही जमायचा नाही," मुलगा म्हणाला. "जेवणाची खोली नुसती पडूनच आहे."

"पण आई, टेबलाचं काय करायचं?" सुनेने विचारलं.

कॅप्टननी बायकोकडे पाहिलं. ती नाही म्हणेल याची त्यांना खात्री होती.

"देऊन टाका कुणाला तरी," बायको म्हणाली. "जागा अडते."

ते जड जिभेने म्हणाले, "एक... खुर्ची... राहू दे."

"कशाला बाबा? तुम्ही तर पलंगावर."

"कुणी... जेवायला... बसेल."

मुलाने खुर्ची ठेवली. खोलीही छान केली, कुणी नावं ठेवू नये अशी. भिंतीला रंग दिला, उठताना धरायला दांडा बसवला, पलंग बरोबर खिडकीखाली लावला. "ताट थेट पलंगावर," तो वाकून म्हणाला. "फाइव्ह स्टार सर्व्हिस आहे, कॅप्टन." सून हसली. खुर्चीवर औषधाच्या बाटल्या आल्या, बाटल्यांशेजारी लघवीचं भांडं. बसायला कुणी आलं नाही.

आठवडाभर कॅप्टननी वाट पाहिली. नियम मोडायला त्यांना तेवढा वेळ लागला. झडप सरकली, बायकोचे हात दिसले, ताट आलं.

"अगं," ते म्हणाले. "बस ना. इथे... जेव."

हात थांबले. "मला बसून जेवायची सवय नाही," ती म्हणाली.

ताटात मऊ भात होता आणि एक चमचा. काटा आता त्यांना देत नसत, टोचेल म्हणून. डाव्या हाताने त्यांनी दोन घास खाल्ले, तिसरा उशीवर सांडला. हात भरून आला. दम खावा म्हणून त्यांनी चमचा ताटात ठेवला. एकट्या चमच्याची फुली होत नाही.

झडप सरकली. बायकोने ताट वाचलं आणि उचललं.

"अजून... भूक..."

"सरळ ठेवलाय तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. जे शिकवलं होतं तेच ती करत होती.

मग ती दारातून आत आली. त्यांना वाटलं, बसायला. तिने बाटल्या आणि भांडं खाली फरशीवर ठेवलं, खुर्ची उचलली आणि घेऊन गेली. झडप लावायची राहून गेली होती. मान वळवली की खिडकीतून ओटा दिसत होता. तिने खुर्ची ओट्याशी ओढली, पदर सारखा केला आणि बसली. स्वतःचं ताट वाढून घेतलं. सावकाश, एकेक घास चावून जेवू लागली. मध्ये तिला तहान लागली. तिने काटा आणि चमचा ताटात नीट फुलीत ठेवला, पाणी प्यायली, आणि दोन्ही पुन्हा उचलले.