येतानाचं अ‍ॅव्हरेज

मिल्बर्ट झीगलरनं एकतीस वर्षं आमच्या गावच्या धान्यकोठारात वजनकाटा सांभाळला. गव्हाचा ट्रक काट्यावर चढायच्या आधी नुसता मागच्या टायरांकडे बघून तो वजन सांगायचा, आणि क्वचितच दोनशे पौंडांपेक्षा जास्त चुकायचा. मी त्याच्या हाताखाली चार वर्षं शिकले. तो रिटायर झाल्यावर खुर्ची मला मिळाली, पण तिच्या गादीतला खळगा अजून त्याच्याच मापाचा आहे. वयानं तो माझ्या वडिलांएवढा. पण काट्यावर सगळेच अरे-तुरे, तसे आम्हीही.

रिटायर झाल्या झाल्या त्यानं एक जुनी सबर्बन गाडी घेतली, आठ सिलिंडरची, रणगाड्याएवढी. तिच्यामागे ओढायला चोवीस फुटी ट्रेलर घेतला, आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. बायकोला, डेल्फिनला, त्यानं लग्नात कबूल केलं होतं म्हणे, की एक दिवस जग दाखवीन. जग म्हणजे मोंटानातलं मायल्स सिटी, साडेतीनशे मैलांवर. तिथं डेल्फिनची बहीण इर्मा राहते. दर सप्टेंबरात, कापणी उरकली की, ही दोघं दहा दिवसांसाठी तिच्याकडे जायची.

मोकळी सबर्बन गॅलनला अठरा मैल द्यायची. ट्रेलर जोडला की नऊ. मिल्बर्टला हा स्वतःचा अपमान वाटला. जन्मभर लोकांच्या मालाचं वजन चोख मोजलं, आणि आपल्याच गाडीनं आपल्याला असं लुटावं? त्यानं कंबर कसली. गाडीच्या टपावरचा कॅरियर काढून टाकला, कारण तो वारा अडवतो. निघायच्या दिवशी पहाटे, टायर थंड असताना, दहाही टायरांत हवा भरायचा. गाडीची चार, ट्रेलरची चार आणि दोन स्टेपन्या. स्टेपनीतल्या हवेचा अ‍ॅव्हरेजशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. "शिस्तीचा आहे," तो म्हणाला.

मग त्याची नजर आत गेली. पाण्याची टाकी भरून नेली की सव्वातीनशे पौंड फुकट ओढायचे. टाकी रिकामी, पाणी तिकडे भरायचं. डेल्फिनचा बिडाचा तवा घरी राहिला. बिटाच्या बरण्या घरी राहिल्या. दोघांची दोन बायबलं होती, त्यातलं एक घरी राहिलं.

"माझंच राहिलं," डेल्फिननं मला सांगितलं. "त्याचं म्हणणं, माझ्याची अक्षरं मोठी आहेत, म्हणून कागद जास्त."

रस्त्यावर तर तो अठ्ठावन्नच्या वर जायचाच नाही. मोठ्या हायवेवर सगळे ऐंशीनं जात असताना हा उजव्या लेनमधून, ओढायच्या गिअरचं बटण दाबून, अंड्यावर पाय ठेवल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबत. चढ आला की वेग पडू द्यायचा, उतारावर परत मिळवायचा. ट्रकवाले भोंगे वाजवायचे. हा त्यांना हात करायचा. आणि खरंच, नवाचे दहा झाले, दहाचे पावणेअकरा झाले. त्या वर्षी त्यानं कॅफेत सगळ्यांना कूखन खाऊ घातला, जर्दाळूचा जर्मन केक.

पण एक गोष्ट त्याला खायची. येतानाचं अ‍ॅव्हरेज.

आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. मायल्स सिटीला जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. म्हणजे येताना गाडीनं जास्त द्यायला हवं. ती द्यायची कमी. सव्वानऊ, साडेनऊ. एक वर्ष झालं, दोन वर्षं झाली, अकरा वर्षं झाली. मिल्बर्टनं तिकडच्या पेट्रोलवर संशय घेतला. मग ट्रेलरच्या बेअरिंगवर. मग डेल्फिनवर, की बहिणीकडे तिचं वजन वाढतं.

"हे तू तिला बोललास?" मी विचारलं.

"बोललो. जेवायला एकटा बसलो त्या दिवशी."

मागच्या वर्षीच्या आधीच्या सप्टेंबरात गंमत झाली. निघायच्या सकाळी इर्माच्या अंगणात मिल्बर्ट ट्रेलरचा हूक अडकवत होता, तेवढ्यात हुकाच्या पोकळीतून एक गांधीलमाशी निघाली आणि त्याच्या उजव्या पापणीवर डसली. पंधरा मिनिटांत डोळा बंद. इर्मानं बर्फ दिला, तिचा नवरा क्लेटन म्हणाला, राहा अजून दोन दिवस. मिल्बर्ट म्हणाला, एका डोळ्यानं चालवतो.

डेल्फिननं त्याच्या हातातून किल्ली घेतली.

"तुला ट्रेलर ओढायची सवय नाही," तो म्हणाला.

"चौदाव्या वर्षापासून बापाचा गव्हाचा ट्रक चालवत होते. तूच वजन करायचास. बस तिकडे."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो शेजारच्या सीटवर बसला. एक डोळा बर्फाच्या पिशवीखाली, दुसरा स्पीडच्या काट्यावर. डेल्फिन अठ्ठावन्नला गेली आणि तिथंच राहिली. ना वर, ना खाली. त्याला सांगायला काही सापडेना. ग्लेंडाइव्हच्या पुढे चढ आला तेव्हा तो तोंड उघडणार, तोवर तिनं पाय आधीच सैल केला होता. डिकिन्सनला पेट्रोल भरलं. त्यानं हिशेब केला, मग परत केला, मग कागद तिच्याकडे दिला.

"बारा पूर्णांक चार," ती म्हणाली. "बरं आहे की."

"बरं नाही. अशक्य आहे."

गावात शिरेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच उत्तर तयार झालं होतं: ट्रेलर हलका झालाय. काहीतरी मागं राहिलंय. म्हणून घरी न जाता त्यानं डेल्फिनला गाडी सरळ माझ्या काट्यावर आणायला लावली. निघताना तो नेहमी ट्रेलर काट्यावर घालायचा. परत आल्यावर कधीच नाही. तेव्हा त्याला अंथरुणात पडायची घाई असायची.

मी आकडा वाचला. "मिल्बर्ट, निघताना होता त्यापेक्षा तीनशे चाळीस पौंड जास्त आहे."

"काटा बघ."

"काटा मागच्याच आठवड्यात तपासून गेलेत."

तो खिडकीबाहेर उभा, एक डोळा बटाट्यासारखा सुजलेला. दुसऱ्यानं त्यानं डेल्फिनकडे पाहिलं. डेल्फिन विणकामाची पिशवी आवरत होती, फारच मन लावून.

"पलंगाखाली बघ," ती म्हणाली.

पलंगाखाली, जिथं ब्लँकेटं असायला हवीत तिथं, दगड होते. नदीकाठचे. अकीक, दगड झालेलं लाकूड, असलं काय काय. वर्तमानपत्रात गुंडाळून, बादल्यांत नीट रचलेलं. दर सकाळी या दोघी बहिणी "फिरायला" जायच्या ते यलोस्टोन नदीच्या वाळूत दगड वेचायला. आणि ते एकाच वर्षीचं नव्हतं. पहिल्या वर्षापासून चालू होतं.

"अकरा वर्षं," मिल्बर्ट म्हणाला. "मी तुझा तवा काढला. आणि तू दगड भरलेस."

"तवा काढलास म्हणून जागा झाली."

मी हसू दाबायला रजिस्टरमध्ये तोंड घातलं.

"ठेवलेस कुठं इतके?"

"बागेत. वाफ्यांच्या कडेनं. तुला कधी प्रश्न पडला नाही, दरवर्षी दगड कुठून वाढतात?"

"आपल्याकडे दगड वाढतातच," तो म्हणाला. यात तो चुकत नव्हता. दर वसंतात, गोठलेली जमीन सैल झाली की, आमच्या शेतांतून गाडीभर दगड वर येतात. सगळं गाव वेचत असतं.

मग त्याचा चेहरा उजळला. चोर सापडला होता. येताना अ‍ॅव्हरेज का पडायचं, तर हे. आणि तो ते बोललाही. डेल्फिननं पिशवी खाली ठेवली.

"मिल्बर्ट, आजही दगड होते. सगळ्यात जास्त आजच होते. आणि बारा पूर्णांक चार आलं."

सपाट रस्त्यावर वजन एकदा चालू लागलं की फार पेट्रोल खात नाही, खातो तो वारा, आणि जितकं जोरात जावं तितका जास्त खातो, हे त्यानंच मला शिकवलेलं.

"तू येताना जोरात चालवतोस," ती म्हणाली.

"अठ्ठावन्न."

"जाताना अठ्ठावन्न. जाताना माझा एक मोजा पूर्ण विणून होतो. येताना टाचेपर्यंत पण पोचत नाही. अकरा वर्षं. माझ्या बहिणीकडे जायला तुला कधी घाई नसते, तिच्याकडून निघायला असते." हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं, आणि माझं हसू गेलं. "मी बोलले नाही कधी. म्हटलं, दगड तरी नेऊ."

दोघं घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक नव्हते तेव्हा मिल्बर्ट आत आला आणि त्याच्या जुन्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसला. पेट्रोलच्या पावत्या त्यानं बुटाच्या खोक्यात जपल्या होत्या, आणि पावतीवर वेळ असते. रात्रभर बसून त्यानं डिकिन्सनच्या पावतीपासून गावातल्या पावतीपर्यंत, अकरा वर्षांचा वेग काढला होता.

"एकाहत्तर," तो म्हणाला. "एकदा तर चौऱ्याहत्तर. ट्रेलर मागं असताना."

"तुला कळलं नाही?"

"नाही, मार्लिस. खरंच नाही. स्पीडच्या काट्याकडे मी बघायचो फक्त जाताना. तिकडे मी काय करतो सांगू? क्लेटनबरोबर टीव्ही बघतो. तो रिमोट सोडत नाही, आणि मला तिथं कोणी काही विचारत नाही. इथं आलो की तू तरी विचारतेस, हा ट्रक किती भरेल. तिला वाटलं, मला इर्मा आवडत नाही. इर्माबद्दल माझं काही नाही. इर्मा कनोफ्ला सूप, ते कणकेच्या गोळ्यांचं, फार छान करते."

"हे डेल्फिनला सांग."

"सूपाचं?"

"सगळं."

त्यानं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. काही सांगितलं असावं, कारण पुढच्या सप्टेंबरात निघताना तो माझ्याकडून जुना हातकाटा मागून घेऊन गेला, बियाण्याच्या पिशव्या तोलायचा. तिकडे सकाळी बहिणींबरोबर तोही नदीवर गेला. इर्माचे गुडघे आता चालत नाहीत. बादल्या यानं वाहिल्या. प्रत्येक बादली तोलली, आणि ट्रेलरमध्ये पलंगाखाली नव्हे, बरोबर आसांच्या वर रचली, म्हणजे मागचं टोक डुलत नाही. दहा दिवसांचे सोळा झाले. येताना गाडी डेल्फिननं चालवली, आणि आता ते तसंच ठरलंय: जाताना तो, येताना ती. बारा पूर्णांक एक आलं, चारशे दहा पौंड दगड घेऊन. डेल्फिनचं बायबल आणि बिडाचा तवा, दोन्ही त्यात धरून.

गेल्या आठवड्यात दोघं माझ्या खिडकीशी आली, नकाशा घेऊन. या वर्षी इर्मालाही बरोबर घेऊन पुढे ओरेगॉनला जायचं म्हणतात, समुद्रापर्यंत. तिथं भरती ओसरल्यावर किनाऱ्यावर म्हणे अकीक मिळतात.

"मध्ये डोंगर आहेत," मिल्बर्ट मला म्हणाला, जणू डोंगर मी आणून ठेवलेत. "चढावर सात मैल देईल. सहासुद्धा."

"मग उतारावर मिळव," डेल्फिन म्हणाली.

"उतारावर ब्रेक लागतात. ब्रेक म्हणजे पेट्रोल वाया."

"मग उतार मी चालवीन. तू चढ चालव."

त्यानं यावर विचार केला. खरोखरच केला, नकाशावर बोट ठेवून त्यानं एक एक घाट मोजला. डेल्फिन तोवर माझ्याशी इर्माच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. बाहेर सूर्यफुलांचा एक ट्रक काट्याकडे वळला, आणि नकाशातून डोकं न काढता मिल्बर्ट म्हणाला, "एक्कावन्न हजार." मी खिडकी उघडली आणि ट्रकवाल्याला पुढे यायची खूण केली.