यंदा पाणी वर आलंच नाही

आमगावजवळच्या आमच्या गावात माझं घर सगळ्यात उंचावर. नाला फुगला की खालच्या मोहल्ल्यातल्या बाया लेकरांना घेऊन माझ्याकडे येतात, दरवर्षी.

आज सकाळपासून धो धो पाऊस. मी सतरंज्या अंथरल्या, गंजभर भात शिजवला. दुपार झाली तरी कोणी आलं नाही.

शेवटी खालच्या रेखाला फोन लावला.

"पानी बोडीतच थांबला न जी काकू. आता कायले येऊ?"

बोडी म्हणजे नाल्याकाठचं बुजलेलं तळं. पुराचं पाणी तिथे पसरावं म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून ती मोकळी केली. बेशरमाची झुडपं उपटून माझेही हात सोलले होते.

आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण भात तसाच आहे.

पूर नसताना माणसांना घरी काय सांगून बोलवायचं असतं?