पाय दाखव

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी सुट्टीवर डहाणूजवळ आगरला, घरी होतो. पलटण हिवाळ्यासाठी बर्फातल्या पोस्टवर चढणार होती. डहाणू स्टेशनवर लहानू भेटला, तोही सुट्टी संपवून निघाला होता. तो तलासरीकडच्या झरीचा, मी समुद्रकाठचा. गावीच राहिलो असतो तर आमची ओळखही झाली नसती. पलटणीत आमच्या भागातले आम्ही दोघेच, म्हणून तो मला दादा म्हणायचा.

मी नाईक, तो लान्स नाईक, दोघेही रेडिओ ऑपरेटर. पोस्टवरचा सेट मी सांभाळायचो. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली की लहानू दुसरा सेट पाठीवर घेऊन त्यांच्याबरोबर जायचा आणि ठरल्या वेळी मला रिपोर्ट द्यायचा.

लहानू स्वतःला कमी समजायचा. लंगरमध्ये सगळ्यांच्या शेवटी ताट घ्यायचा. कोर्ससाठी नाव द्यायला सांगितलं की म्हणायचा, "मना काय येतं, दादा?" शाबासकी दिली तर खाली बघायचा आणि कोणी झापलं तर दिवसभर जेवायचा नाही.

अभिमान त्याला एकाच गोष्टीचा होता, पायांचा. झरीला लहानपणी तो अनवाणीच वाढला. रान, बांध, खडक, सगळं त्या तळव्यांनी तुडवलेलं. ट्रेनिंगमध्ये उस्ताद बाकीच्यांना सांगायचे, "इसके पैर देखो." रूट मार्चमध्ये तो कधी मागे पडला नाही. मला वाटतं, स्वतःची सगळी किंमत त्याने तेव्हापासून त्या दोन पायांवरच ठेवली होती.

बर्फातल्या पोस्टवर संध्याकाळी पाय तपासायचे असतात. बंकरमध्ये रॉकेलवर पेटणाऱ्या बुखारीच्या शेगडीभोवती बसायचं, बूट-मोजे काढायचे आणि जोडीदाराने बोट न् बोट दाबून बघायचं. रंग बदलला असेल, बोट सुन्न असेल, तर लगेच सांगायचं. आमचे सुभेदारसाहेब सगळ्यांच्या आधी पाय पुढे करायचे. सर्वांत नवा जवान समोर बसायचा आणि लाजायचा. साहेब म्हणायचे, "ठीक से देख. ये वाली उँगली सुन्न है." सगळ्यांदेखत सांगायचे. त्याने त्यांचा मान तसूभर कमी झाला नाही. आपली किंमत ज्याला पक्की ठाऊक असते, त्याला 'दुखतंय' म्हणायला भीती वाटत नाही, हे मी त्या माणसाकडे बघून शिकलो.

लहानू दुसऱ्यांचे पाय फार मायेने चोळायचा. स्वतःची पाळी आली की म्हणायचा, "हो गया." फारच आग्रह केला तर हसून सांगायचा की अनवाणी माणसाच्या तळव्यात थंडीला शिरायला वाट मिळत नाही. सगळे हसायचे आणि विषय तिथेच राहायचा. तळवे मुळातच जाड. कातडी सुन्न पडली की नेहमीसारखी निबर आहे, हे सुरुवातीला त्याचं त्यालाही कळलं नसावं. नंतर कळलं असणार. पण पाय गेले तर त्याच्याकडे उरणार काय होतं? निदान त्याला तरी तसंच वाटत असावं.

त्या दिवशी पेट्रोल शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन परतायचं होतं. सकाळी आकाश स्वच्छ होतं. लहानू निघताना मी म्हणालो, "पाय दाखव."

"कालच दाखवले, दादा."

"कोणाला?"

तो हसला आणि बाहेर पडला. बाहेर पेट्रोल नेणाऱ्या हवालदारांनी हाक मारली होती.

दुपारी रिपोर्ट आला. "सब ठीक. ओव्हर." पुढचाही तसाच. मग हवा फिरली, वारा सुटला आणि सेटमध्ये खरखर वाढली. त्यानंतर आवाज आला तो लहानूचा नव्हता. हवालदार बोलत होते.

"लहानू बैठ गया है. चल नहीं पा रहा. ओव्हर."

लहानू बसला, हे ऐकताच मी सुभेदारसाहेबांना हाक मारली. त्यांनी माझ्या हातातला हँडसेट घेतला. "लहानू को दो."

"साहब, मैं ठीक हूँ. थोड़ा बैठके आता हूँ. बाकी लोग आगे जाएँ. ओव्हर."

"कोई आगे नहीं जाएगा. सब मिलकर उठाके लाओ. मैं हेलिकॉप्टर माँगता हूँ."

मग तो मराठीत माझ्याशी बोलला.

"दादा, साहेबांना सांग ना. माझ्यासाठी हेलिकॉप्टर कशाला?"

साहेबांनी हँडसेट माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "तुझ्यासाठीच. ओव्हर."



अंधार पडता पडता त्याला आणलं. बूट कापून काढावे लागले. नर्सिंग असिस्टंटने पाय बघितले आणि साहेबांना एवढंच सांगितलं, "ये आज का नहीं है." वाऱ्यात बसून राहिल्याने थंडी छातीत उतरली होती. श्वास लागला असतानाही तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की तुम्हा सगळ्यांना त्रास झाला. अशा हवेत हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. उजाडायच्या आत लहानू गेला. सकाळी आकाश मोकळं झालं, हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं.

मला पेन्शनवर येऊन बरीच वर्षं झाली. मोबाईलवर रोज कोणीतरी सांगतं, स्वतःवर प्रेम करा. आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी कशी द्यायची, मला जमत नाही. मला एवढंच कळतं की स्वतःची कदर असलेला माणूस वेळेवर हाक मारतो. आपल्यासाठी कोणी धावून यावं एवढे आपण नक्की आहोत, हे त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं.

वर्षातून एकदा मी झरीला लहानूच्या आईकडे जातो. ती चहा करते आणि दर वेळी सांगते, "गुणाचा होता. आजारी असला तरी सांगायचा नाय." मोठ्या अभिमानाने सांगते. मी चहा पितो.

बायको गेल्यापासून आगरच्या घरात मी एकटा आहे. दिवस कसाबसा जातो, संध्याकाळ जात नाही. त्या वेळी लहानूची फार आठवण येते. मुलगी वलसाडला असते, ती रोज फोन करते. गेल्या महिन्यात ताप चढला आणि दिवसभर उठवेना. बाहेर शेजारच्या वहिनी बोंबील वाळत घालत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मनात म्हटलं, कामात आहे बाई, आपल्यासाठी कशाला उठवायची.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, बरे आहात ना?"

"सब ठीक," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि हे शब्द कुणाचे ते ओळखलं. मग होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "वहिनी, मला बरं नाही. जरा या."

त्या पदराला हात पुसत आल्या. "फौजी भाऊ, सकाळीच हाक मारायची ना. मी काय लांब हाय?" कपाळाला हात लावून त्या पायथ्याशी बसल्या. "पाय बघू. गार पडलेत का?"

संकोचाने मी पाय चादरीत ओढून घेतले. मग बुखारीशेजारी बसून सगळ्यांचे पाय चोळणारा लहानू आठवला, आणि मी दोन्ही पाय पुढे केले.