बोडक्या टेकडीवरचा आरसा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर माझ्या नुसत्या खोकण्यावरून मनातलं ओळखायची. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

युद्धाचे दिवस होते. नगरहून दक्षिणेकडे बिनतारी संदेश न्यायचे, तर वाटेतल्या टेकड्यांवर उंच खांब हवे होते. आणि एका खांबावरून दुसरा सरळ दिसायला हवा होता. जागा हेरायचं काम माझ्याकडे आणि विठ्ठलकडे. मिरजगावच्या बाजूला दोन टेकड्या नजरेत भरल्या. एक बोडकी — नुसते दगड. दुसरीवर सालोमीबाई राहायची. विधवा बाई. घर, उतारावर विहीर, नवऱ्याने लावलेल्या लिंबोणी. पाहणीच्या दिवसांत आम्ही तिच्याच ओट्यावर उतरलो होतो. भाकरी तिची, ताकही तिचंच.

साहेबांनी बजावलं होतं : बोडकी जमली तर तीच घ्यायची. नाही जमली, तरच बाईला उठवायचं.

दुपारी विठ्ठल बोडक्या टेकडीवरून आरसा चमकवणार, आणि पुढचा खांब जिथे यायचा त्या लांबच्या डोंगरावरून मी दुर्बिणीने तो टिपणार. एवढंच काम. आणि मी — कसं लिहू? — मी झोपलो. जेवून बाभळीखाली जरा टेकलो, तो ऊन कललं तेव्हाच जागा झालो.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं. म्हणालो, "नाही दिसला."

विठ्ठल उसळला. "हात मोडून आले माझे! डोळे गहाण टाकलेस काय रे?"

उद्या पुन्हा बघायचं का, साहेबांनी विचारलं. किती सोपं होतं हो म्हणणं! मी म्हणालो, "उपयोग नाही. मध्ये उंचवटा येतो."

नोकरी गेली असती का? नाही. फार तर चारचौघांत बोलणी बसली असती. तेवढ्यासाठी.

जागा सोडायचा हुकूम घेऊन मीच गेलो. सालोमीबाईने एकदाच विचारलं, "भाऊसाहेब, त्या बोडकीवरनं खरंच न्हाई दिसत?"

"नाही, बाई."

तिचा दीर भांडायच्या तयारीने आला होता. त्याला तीच म्हणाली, "गप ऱ्हा. माझ्या हातची भाकर खाल्लीय त्यांनी. खोटं कशापायी बोलतील?"

घर खाली व्हायच्या आदल्या दिवशी मी एकटाच बोडकीवर चढलो. लांबचा डोंगर समोर लख्ख दिसत होता. मध्ये काही नव्हतं — उंचवटा नाही, झाड नाही. अजून वेळ होता. साहेब नगरलाच होते, सांगता आलं असतं. मी खाली उतरलो आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत जातं चढवायला एक माणूस कमी पडत होता. मी हात लावला.

"परभू तुमचं भलं करो, भाऊसाहेब," ती म्हणाली.

आणि मी मान डोलावली.